वाद्यांवाचून संगीत

चित्रपट पाहताना पडद्यामागील संगीताचा आपल्या मनावर मोठा परिणाम होत असतो. हे संगीत वादक निरनिराळ्या वाद्यांतून निर्माण करतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. परंतु एकही वाद्य न वाजवता संपूर्ण चित्रपटाला संगीत देता येईल काय? लुई बॅरन व बीबी बॅरन या अमेरिकन दांपत्याने ते देऊन दाखविले.

१९४७ साली त्यांचा विवाह झाला, तेव्हा फितीवर ध्वनिमुद्रण करणारे एक यंत्र त्यांना आहेरात मिळाले. अशी यंत्रे त्या काळी दुर्मिळ होती. पुढे न्यूयॉर्क शहरी त्यांनी आपली ध्वनिशाळा थाटली. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राणी व यंत्रे यांच्या नियंत्रणाचे काही नियम सारखेच असतात, असा त्याचा आशय होता. तो वाचून लुईंनी विजेची लहान लहान मंडले जोडली. त्यांत प्रमाणाबाहेर वीज सोडली, की ती किंचाळत, कण्हत, गुणगुणत आणि शेवटी जळून जात. एकदा जळालेल्या मंडलाचा आवाज पुन्हा ऐकू येणे शक्य नसे. म्हणून तो होता होताच फितीवर टिपावा लागे.

तासन् तास या फिती ऐकून त्यांतील उपयोगी ध्वनी बीबी निवडीत. मग फितीचा वेग कमी करून, ती उलटी फिरवून किंवा तिचे तुकडे कापून व जोडून त्या ध्वनींना नवे रूप देण्यात येई. फितीचा वेग अर्धा केला, की स्वर एका सप्तकाने खाली उतरतो.

१९५६ साली ‘फॉर्बिडन प्लॅनेट’ हा परग्रहावरील प्रवासाचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे सारे संगीत असे विजेतूनच जन्मले होते. पूर्ण लांबीच्या चित्रपटात असे प्रथमच घडले. तथापि वादकांच्या संघटनेशी वाद उद्भवू नये, म्हणून श्रेयनामावलीत ‘संगीत’ हा शब्द वगळून ‘इलेक्ट्रॉनिक स्वरध्वनी’ अशा अर्थाचे शब्द घालण्यात आले. ज्यांनी रात्रंदिवस खपून नवी वाट पाडली, त्यांच्या कामाला त्याचे खरे नावही लाभले नाही!

परंतु नाव नाकारल्याने काम पुसले जात नाही. १९७६ साली त्या संगीताची तबकडी निघाली. लुई १९८९ मध्ये व बीबी २००८ मध्ये निवर्तल्या. त्यांची मंडले तर केव्हाच जळून गेली. त्यांचे स्वर मात्र आजही ऐकू येतात, आणि ते संगीतच होते, हे आता जाणकार मान्य करतात.