गृहपाठाची सापशिडी

‘गृहपाठ’ या शब्दात गृह आधी येते आणि पाठ मागाहून. परंतु तो नेमून देताना नेमका गृहाचाच विसर पडतो. सुरत जिल्ह्यातील चलथाण हे साखर कारखान्याचे गाव. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की या पट्ट्यात डांग, धुळे, नंदुरबारकडून मजूर कुटुंबे उतरतात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आईबाप पहाटेच फडात. धाकटे भावंड थोरलीच्या कडेवर. त्या मुलीने रात्री झोपडीत वही उघडावी कशी?

वर्गातला खेळ योजायचा तो हे ध्यानी धरून. फळ्याच्या कोपऱ्यात शंभर घरांची सापशिडी आखावी. सोंगटी एकच, साऱ्या वर्गाची. हजेरीनंतर डब्यातून एक चिठ्ठी काढावी. तिच्यावर मुलाचे नाव नसावे. आदल्या दिवशीच्या गृहपाठातील एका प्रश्नाचा क्रमांक असावा. तो प्रश्न ज्यांनी सोडवला त्या दर पाच वह्यांमागे सोंगटी एक घर सरकते. उत्तर चुकले तरी वही मोजावी. कोणता क्रमांक निघेल हे ठाऊक नसल्यामुळे मुले सगळेच प्रश्न हाताळतात. साऱ्या खेळाची किल्ली हीच. शाळा भरण्यापूर्वी पाव तास वर्ग उघडा ठेवावा आणि तेथे केलेला अभ्यासही गृहपाठच धरावा. चाळीस मुलांच्या वर्गात रोज फार तर आठ घरे होतात. शिडी लागली तर एक गोष्ट सांगावी. साप लागला तर अवघड गणित सर्वांनी मिळून फळ्यावर सोडवावे.

१९६९ साली अमेरिकेतील कॅन्सस येथे चौथीच्या वर्गाचे दोन संघ पाडून शिस्तीचा असाच खेळ झाला आणि गोंधळ पुष्कळ कमी झाला. पण दोन संघ म्हटले की हरल्याचे खापर एखाद्या मुलाच्या माथी फुटते, आणि तो मूल बहुधा झोपडीतलेच असते. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात बक्षिसे आणि चढाओढ दूर ठेवली, ती उगीच नव्हे. म्हणून सोंगटी एकच.

२०२०च्या दप्तरविषयक धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्यास दोन तासच सांगितला आहे. तेव्हा रोज दोनतीन प्रश्न पुरेत. शंभरी गाठली की सापशिडी पुसावी आणि महिनाभर तरी पुन्हा आखू नये. शिळ्या खेळाला मुले लवकर ओळखतात.