डब्यातला शेजारधर्म

सोमवार, 13 मार्च 2023. मास्क लावायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, असं म्हणणारा जपान सरकारचा निर्णय लागू झाला तो हा पहिला दिवस. त्या सकाळी टोक्योतल्या आमच्या निशिकासाईहून ओतेमाचीकडे जाणाऱ्या तोझाई मार्गाच्या गाडीत उघडे चेहरे बोटांवर मोजण्याइतकेच होते. स्टेशनाबाहेर टीव्हीवाले माइक घेऊन उभे होते. संध्याकाळी पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला, “ताई, सक्ती उठली ना तिकडची? मग बातम्यांत सगळे अजून तोंड बांधूनच कसे दिसतायत?”

सक्ती इथे कधी नव्हतीच. महासाथ ऐन भरात असतानाही मास्क न लावणाऱ्या सामान्य माणसाला दंड करणारा कायदा जपानमध्ये झाला नाही. सरकारनं केली ती विनंती. बाकीचं काम लोकांच्या सवयीनं केलं, आणि ती सवय करोनाहून फार जुनी. मी 2008 पासून टोक्योत आहे. या सवयीची किती रूपं या काळात पाहिली, त्यातली कोणती मनापासून आवडली आणि कोणती टोचली, हे एकदा नीट मांडावं असं बहिणीच्या त्या प्रश्नापासून मनात होतं.

सुरुवात शंभर वर्षांमागे जाते. 1918 ते 1920 या काळात इन्फ्लुएंझाच्या साथीनं जपानमध्ये सुमारे 3 लाख 90 हजार माणसं गेली. गृहखात्याच्या आरोग्य विभागानं तेव्हा भित्तिचित्रं काढली. त्यातल्या एकात प्रवाशांनी भरलेला डबा आहे आणि मास्क न लावणाऱ्याला चक्क जिवावर उदार झालेला माणूस म्हटलं आहे. तेव्हाचा मास्क असा भीतीतून आला, स्वतःचा जीव वाचवायला. शेजाऱ्याचा विचार त्यात पुढे मिसळला.

मग झाडं आली. युद्धात उघड्या पडलेल्या डोंगरांवर 1950 आणि 60 च्या दशकांत सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी वृक्षांची प्रचंड लागवड झाली. घरबांधणीला लाकूड हवं होतं. पण बाहेरून स्वस्त लाकूड येऊ लागलं, तोड परवडेना, आणि झाडं उभीच राहून परागकण उधळण्याच्या वयाची झाली. सुगीच्या परागकणांनी होणाऱ्या त्रासाची पहिली वैद्यकीय नोंद 1964 ची, निक्को परिसरातली. 2019 च्या देशव्यापी पाहणीत दर दहांतल्या जवळपास चौघांना हा त्रास असल्याचं दिसलं. इथे त्याला काफुन्शो म्हणतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, आणि औषधाच्या दुकानात मास्कचे ढीग लागतात. 2003 मध्ये युनिचार्म कंपनीनं चेहऱ्याच्या आकाराला बसणारा, एकदा वापरून टाकायचा मास्क याच लोकांसाठी बाजारात आणला. तोवर घराघरांत धुऊन वापरायचे गॉझचे पांढरे मास्क होते.

म्हणजे मी इथे आले तेव्हा मास्क लावलेला माणूस पाहून कुणी दचकत नव्हतं. त्याला परागकणांचा त्रास असेल, किंवा सर्दी असेल आणि ती आपल्याला लागू नये म्हणून त्यानं लावला असेल, एवढं न विचारता समजून घेतलं जाई. यातला दुसरा अर्थ मला माझ्या कामातून कळला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, आणि इथे दुभाषी म्हणून काम करते. बैठकीत पाहुण्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं आणि समोर चाललेलं बोलणं त्याच्या कानाशी हळू आवाजात सांगत राहायचं, असं हे काम. दोन-दोन तास माझं तोंड कुणाच्या तरी कानापासून वीतभर अंतरावर असतं. मला शिकवणाऱ्या ज्येष्ठ दुभाषी बाईंनी भाषेचे बारकावे सांगण्याआधी सांगितलं होतं की घसा जरा जरी खवखवला तरी मास्क लावून यायचं, आणि आल्याबरोबर पाहुण्याला त्याचं कारण सांगून क्षमा मागायची. शब्द मास्कमधूनही स्पष्ट यावेत म्हणून त्यांनी माझ्याकडून कितीतरी दिवस उच्चार घोटून घेतले.

जपानी पाहुणे ही क्षमा ऐकून मान लववत आणि काम सुरू होई. आपल्याकडचे पाहुणे मात्र थोडे सरकून बसत. चिंचवडच्या एका कारखान्यातून आलेले साहेब पहिल्या चहापर्यंत अस्वस्थ होते. मग हळूच म्हणाले, “मॅडम, फार बरं नसेल तर राहू द्या, आम्ही इंग्रजीवर भागवतो.” त्यांना काळजीच वाटत होती. आपल्याकडे तेव्हा मास्क लावायचा तो डॉक्टरांनी, नाहीतर क्षयाच्या रुग्णानं. साध्या पडशाला कुणी तोंड झाकत नसे.

हिवाळ्यात या सवयीचं सर्वांत देखणं रूप दिसतं. जानेवारी-फेब्रुवारीत विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा असतात, आणि नेमका तोच फ्लूचा हंगाम. घरात परीक्षेला बसणारं मूल असेल तर आई-वडील, आजी, धाकटी भावंडं सगळेच बाहेर मास्क लावून वावरतात, कारण बाहेरचा ताप घरात आला तर वर्षभराची मेहनत वाया जाईल. शेजाऱ्यांनाही ते माहीत असतं. आमच्या मजल्यावर एका वर्षी असा मुलगा होता, तर त्या दोन महिन्यांत लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक जण मास्क लावून शिरत होता. कुणी चिठ्ठी लावली नव्हती. आपल्याकडे दहावी-बारावीच्या घरात टीव्ही बंद होतो, पण शेजाऱ्यांनी त्यासाठी आपलं काही बदललेलं मी क्वचितच पाहिलं.

हे सगळं इतकं गोड नाही. कार्यालयात मास्क लावून खोकणारी माणसं दिसत, तेव्हा मला त्यांच्या सौजन्याहून त्यांच्या वरिष्ठांचा विचार आधी येई. आजारपणाची वेगळी पगारी रजा द्यायलाच हवी असं इथला कायदा मालकाला सांगत नाही. लोक वार्षिक रजेतून दिवस काढतात किंवा अंगात ताप घेऊन येतात. अंथरुणात असायला हवं होतं त्या माणसाला मास्कमुळे गाडीत उभं राहण्याची जणू परवानगी मिळे. आणि ती गाडी कोणती, तर तोझाई. 2019 साली किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळच्या वेळी क्षमतेच्या 199 टक्के माणसं तिच्यात असत. वर्तमानपत्र उघडायलाही जागा नसलेल्या डब्यात तापलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क असलेला बराच, पण तो माणूस तिथे नसता तर अधिक बरं झालं असतं. दुसऱ्याची काळजी घेण्याचा सगळा भार आजारी माणसाच्या चेहऱ्यावर टाकून मालक मोकळे झाले, हे मला तेव्हाही पटत नव्हतं.

मे 2009 मध्ये स्वाइन फ्लूची देशातच लागण झालेले पहिले रुग्ण कोबेत सापडले. कोबे-ओसाकाच्या शाळा बंद झाल्या आणि दुकानांतून मास्क नाहीसे झाले. लागण झालेल्या विद्यार्थ्यांच्या शाळांना शिव्याशापांचे फोन गेले. शेजाऱ्याची काळजी आणि शेजाऱ्यावरची पाळत किती जवळ राहतात, ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

2020 मध्ये ते पुन्हा दिसलं, कितीतरी मोठं होऊन. 3 फेब्रुवारीला डायमंड प्रिन्सेस हे जहाज योकोहामाला आलं. त्यावरच्या 712 जणांना लागण झाल्याचं पुढे नोंदलं गेलं. मास्कपैकी सुमारे 80 टक्के आयातीचे, तेही बहुतेक चीनमधून येणारे. ते थांबले, आणि औषधाच्या दुकानांपुढे भल्या सकाळी रांगा लागू लागल्या. मार्चमध्ये मास्क चढ्या भावानं विकण्यावर बंदी आली. टीव्हीचे पडदे बनवणाऱ्या शार्प कंपनीनं आपल्या मिए प्रांतातल्या कारखान्यात मास्क काढायला घेतले. 1 एप्रिलला पंतप्रधान आबे यांनी घरटी दोन कापडी मास्क पाठवण्याची घोषणा केली. ते यायला इतका उशीर झाला की आमच्या भागात तोवर शिलाई मशीनं सुरू झाली होती. निशिकासाईतल्या आम्ही काही मराठी बायकांनी घरातल्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या कापून मास्क शिवले आणि इमारतीतल्या वयस्कर जपानी शेजाऱ्यांच्या दाराला पिशवीत घालून अडकवले. तळमजल्यावरच्या आजींनी चौथ्या दिवशी परतभेट पाठवली. त्यांच्या दिवंगत यजमानांच्या निळ्या युकाताच्या, म्हणजे सुती किमोनोच्या कापडाचे, हातानं शिवलेले मास्क होते ते. माझ्या इथल्या सगळ्या वर्षांत इतकी मोलाची भेट मला कुणी दिलेली नाही.

त्याच वसंतात वर्तमानपत्रांत ‘मास्क पोलीस’ हा शब्द येऊ लागला. पोलीस खरे नव्हेत. रस्त्यात उघड्या तोंडाच्या माणसावर ओरडणारे साधे नागरिक. दमा असलेल्याला, अंगाला कापड सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलाला, ओठ वाचून बोलणं समजून घेणाऱ्या कर्णबधिराला हा काळ फार कठीण गेला. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या कामातून ओळख झालेली एक कर्णबधिर तरुणी मला लिहून म्हणाली होती की शहर एका रात्रीत तिच्याशी बोलायचं थांबलं. 2021 मध्ये युनिचार्मनं तोंड दिसेल अशी पारदर्शक खिडकी असलेला मास्क आणला, पण रोजच्या व्यवहारात, दुकानाच्या गल्ल्यावर, तो मला क्वचितच दिसला. शेजाऱ्याचा विचार करायचा तर तो याही शेजाऱ्याचा करायला हवा होता.

2020 च्या ऑगस्टमध्ये क्योतोच्या दोशिशा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नाकायाची काझुया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. जपानी लोक मास्क का लावतात असं त्यांनी विचारलं होतं. सर्वांत घट्ट संबंध निघाला तो ‘बाकीचे लावतात म्हणून’ या कारणाशी. दुसऱ्याला लागण होऊ नये, हे कारण फार मागे पडलं. सौजन्याची गोष्ट सांगणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून वाईट वाटलं, आणि बरेच दिवस मी त्यावर विचार करत राहिले. माझं मत आजही असं आहे की त्या आकड्यांनी सौजन्य खोटं ठरत नाही. ज्या आजी युकाता कापून मास्क शिवतात त्यांना प्रश्नावलीत ‘सगळे लावतात म्हणून’ यावर खूण करावीशी वाटली, तर नवल नाही. मी दुसऱ्यांसाठी करते असं स्वतःबद्दल म्हणणंच इथे अशोभनीय समजतात. पण ‘सगळे करतात’ हे कारण ज्या क्षणी ‘तू का करत नाहीस’ असं बोट रोखतं, त्या क्षणी त्यातलं सौजन्य संपतं, आणि 2020 ते 2022 या काळात ते पुष्कळदा संपलं.

महाराष्ट्रात उलट घडलं. मुंबईत 8 एप्रिल 2020 ला सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा झाला आणि पुढे दंडाच्या पावत्या फाटल्या. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले, आणि मास्कही उतरले. त्या डिसेंबरात पुण्यात मला सर्दी झाली होती म्हणून मास्क लावून रिक्षात बसले, तर रिक्षावाले काका गाडी सुरू करायच्या आधी मागे वळले. “ताई, परत आला का करोना?” त्यांचा भाऊ दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी गेला होता, ते स्वारगेट येईपर्यंत सांगत होते. त्या माणसाला मास्क पाहून शेजारधर्म आठवावा, ही अपेक्षा मी कशी करणार? आमच्या पुण्यात दुचाकीवरच्या मुली वर्षानुवर्षं डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधतात, म्हणजे तोंड झाकण्याचा संकोच मुळीच नाही. उन्हासाठी, धुरासाठी, कुणी ओळखू नये म्हणून आपण तोंड झाकतो. आपल्या खोकल्यापासून दुसऱ्याला वाचवायला झाकण्याची सवय रुजायला दंडाविना काही वर्षं मिळायला हवी होती. ती मिळाली नाहीत.

ती सवय इथे कशी रुजते ते मुलीच्या शाळेत पाहिलं. दुपारच्या जेवणाची वाढपी मुलंच असतात, पाळीपाळीनं. पांढरा अंगरखा, टोपी आणि मास्क घालून सहा-सात वर्षांची पोरं भात आणि सूप वाढतात. आपल्या तोंडातलं काही मित्राच्या ताटात पडू नये, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. आठवड्याच्या शेवटी तो अंगरखा घरी येतो, आणि पुढच्या पाळीच्या मुलासाठी आपण तो धुऊन, इस्त्री करून पाठवायचा. करोनाच्या काळात मुलांना गप्प बसून, एका दिशेला तोंड करून जेवायला लावलं होतं. 2022 च्या नोव्हेंबरात शिक्षण मंत्रालयानं ती सूचना काढून टाकली. मुलं पुन्हा समोरासमोर बसून बोलत जेवू लागली. वाढणाऱ्यांचे मास्क मात्र तसेच राहिले. ते करोनाचे नव्हतेच.

8 मे 2023 ला करोना साध्या फ्लूच्या वर्गात गेला, आणि त्या उन्हाळ्यात उकाड्यानं बहुतेकांचे मास्क उतरवले. 2024 च्या डिसेंबरअखेर फ्लूनं उच्चांक गाठला. दर निरीक्षण केंद्रामागे आठवड्याला 64.39 रुग्ण, म्हणजे 1999 पासूनची सर्वांत मोठी नोंद. तोझाईच्या डब्यात मास्क परत आले, पण या वेळी उघड्या तोंडाकडे कुणी डोळे वटारले नाहीत. सुगीची लागवड दहा वर्षांत 20 टक्क्यांनी कमी करण्याचं सरकारचं उद्दिष्ट आहे, तेव्हा वसंतातले मास्क कधीतरी कमीही होतील.

माझ्या बैठकांत आता खोकणारा माणूस सकाळी निरोप पाठवतो आणि घरूनच पडद्यावर येतो. 2019 पर्यंत हे अशक्य मानलं जाई. पण ही सोय कागद आणि संगणकावर काम करणाऱ्यांची. निशिकासाईतल्या भारतीय उपाहारगृहांत तासावर पगार घेणारी आपली मुलं तंदूरपुढे उभी असतात. ताप आला की त्यांच्यापुढे दोनच वाटा असतात. त्या दिवसाचे पैसे सोडायचे, नाहीतर मास्क लावून भट्टीसमोर उभं राहायचं. ओळखीतल्या एका उपाहारगृहाच्या मालकीणबाईंनी गेल्या हिवाळ्यापासून तापाच्या दोन दिवसांचा पगार कापणं बंद केलं आहे. बाकीच्यांनीही तसं करावं म्हणून मंडळातले आम्ही काही जण दारोदार जाऊन बोलतो आहोत. दोघांनी होकार दिला आहे, एकानं हिशेब मांडून नकार दिला, आणि त्याच्याकडे पुन्हा जायचं ठरलं आहे.