पोटदुखी, सिकलसेल आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

पोटात दुखू लागले की आपल्याला आधी ॲसिडिटी आठवते, फार तर अपेंडिक्स. सिल्वासाच्या टोकरखाडा भागात आणि एकूणच दादरा-नगर हवेलीत आणखी एक शक्यता ध्यानात ठेवायला हवी, ती म्हणजे सिकलसेल. वारली, धोडिया, कोकणा अशा समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. पालघर, नंदुरबारपासून विदर्भापर्यंत त्याचा पट्टा आहे. ऑपरेशनची गरज आहे का आणि ते सुखरूप कसे पार पडेल, हे ठरवताना सिकलसेलच्या रक्ततपासणीचा मोठा उपयोग होतो.

रक्तातला आजार पोटात कसा?

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन तयार होते आणि यकृतावाटे पित्तात उतरते. त्याचे प्रमाण वाढले की पित्ताशयात काळसर खडे धरतात, म्हणूनच शाळकरी मुलांतही पित्तखडे सापडतात. खडा नळीत अडकला तर कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो, कधी स्वादुपिंडाला सूज येते.

प्लीहेत अचानक रक्त साठले तर लहान मूल पांढरेफटक पडते आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगते. अशा वेळी एक तासही घरी थांबू नये. प्लीहेत पू होणे हा एरवी दुर्मिळ आजार, पण या रुग्णांनी ताप आणि डाव्या बाजूचे दुखणे अंगावर काढू नये.

अपेंडिक्स की सिकलसेलचा झटका?

सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पोटात असह्य कळा येतात. सोबत बहुधा हातपाय आणि पाठही दुखते. हे दुखणे सलाईन आणि वेदनाशामकांनी ओसरते, तिथे ऑपरेशनची गरज नसते. दुखणे एकाच जागी टिकून राहिले, उलट्या थांबेनात किंवा पोट कडक झाले, तर मात्र सोनोग्राफी आणि सर्जनची तपासणी लगेच हवी.

दुर्बिणीने काय साधते?

पित्तखड्यांसाठी पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी पोट उघडून केली. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी ती दुर्बिणीतून केली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये ती भारतात आणली.

या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि साधारण तीन-चार छोट्या छेदांतून कॅमेरा व अवजारे आत घालतात. सिकलसेलच्या रुग्णाला याचा खास फायदा होतो. मोठा छेद दुखतो म्हणून रुग्ण श्वास उथळ घेतो, त्याने प्राणवायू कमी पडतो आणि पेशी पुन्हा विळ्यासारख्या वाकतात. छोट्या छेदांनी रुग्ण लवकर खोल श्वास घेतो, लवकर चालू लागतो.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

- आजाराची किंवा वाहक असल्याची माहिती सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा.
- रक्त द्यायचे का, हे डॉक्टर ठरवतील. अनेकदा हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या आसपास आणतात.
- उपाशी ठेवण्याच्या काळात सलाईन लागते, अंग उबदार ठेवावे लागते.
- नंतर श्वासाचे व्यायाम चुकवू नका. छातीत दुखले, धाप लागली किंवा ताप आला तर त्याच क्षणी सांगा.
- प्लीहा काढायची असेल तर न्यूमोकॉकससह आवश्यक लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्या.

पित्तखड्यांचा त्रास होत असेल तर तब्येत बरी असतानाच ठरवून केलेले ऑपरेशन घाईगर्दीतल्या ऑपरेशनपेक्षा अधिक सुरक्षित असते.

तपासणी कुठे?

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. टोकरखाड्यातील कुटुंबांना सिल्वासाचे श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल जवळ आहे. घरात एकाला आजार असेल तर सगळ्या भावंडांची तपासणी करून घ्या आणि तपासणीनंतर मिळणारे सिकलसेलचे कार्ड दवाखान्याच्या कागदांत सर्वांत वर ठेवा.