आगोटीची बेगमी आणि सुटीतील वाचन

वैशाख सरत आला म्हणजे आमच्या मालवण किनाऱ्यावरील घराघरांतून एकच लगबग सुरू होते. खळ्यात सोले वाळत पडतात, सुकी मासळी डब्यांत भरली जाते, फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात रचल्या जातात, जळाऊ लाकडे पडवीत येतात. या साऱ्यास आपण आगोटीची बेगमी म्हणतो. पुढे पाऊस कोसळू लागला आणि दर्या खवळला म्हणजे हीच बेगमी घर तारून नेते. ही दूरदृष्टी आमच्या गृहिणींस कोणी शिकवावी लागत नाही. परंतु त्याच घरातील सहा-सात वर्षांचे मूल दप्तर खुंटीला अडकविते, ते जूनच्या मध्यापर्यंत तेथेच राहते. या सहा आठवड्यांत त्याच्या बुद्धीसाठी कोणती बेगमी केली, असे विचारले असता बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. त्या उत्तराचा शोध पालकांच्या सोबतीने घ्यावा, एवढ्याच हेतूने आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम असा प्रश्न उभा राहतो की, सुटी ही विसाव्यासाठीच नव्हे काय? निःसंशय विसाव्यासाठीच आहे. मुलांनी आंब्याखाली खेळावे, करवंदे काढावी, आजोळी जावे, किनाऱ्यावर वाळूचे किल्ले बांधावे. यांतील एकही गोष्ट आम्हांस त्यांच्यापासून हिरावून घ्यावयाची नाही. मात्र वाचनाची विद्या लहान वयात फार कोवळी असते. पहिली-दुसरीतील मूल अक्षरास अक्षर जोडून शब्द काढते, तेव्हा त्याची सारी शक्ती त्या जोडणीतच खर्च होते. अर्थाकडे लक्ष देण्यास थोडेच बळ उरते. रोजच्या सरावाने जोडणी अंगवळणी पडली म्हणजेच मन अर्थासाठी मोकळे होते. ही सवय पक्की होण्यापूर्वीच खंड पडला, तर काय होते ते आमच्या दर्यावर्दी बांधवांस सांगणे न लगे. लाकडी होडी उन्हात फार दिवस कोरडी राहिली की तिच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. होडी मोडत नाही, पण पाण्यात घालताच गळू लागते. जूनमध्ये आमच्यापुढे बसणारी कित्येक मुले अशाच होडीसारखी असतात.

हा अनुभव केवळ आमच्या किनाऱ्याचा नव्हे. अमेरिकेतील फ्लॉरिडा संस्थानात ॲलिंग्टन व मॅकगिल-फ्रान्झन या दोन अभ्यासकांनी गरीब वस्तीतील शाळांमधून एक प्रयोग केला आणि त्याचे फलित २०१० साली प्रसिद्ध केले. त्यांनी प्राथमिक शाळेतील मुलांस लागोपाठ तीन उन्हाळे दरवेळी बारा पुस्तके घरी नेण्यास दिली. प्रयोगाच्या अंती या मुलांचे वाचन, पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस आढळले. यांतील मर्म असे की पुस्तके मुलांनी स्वतः निवडली होती आणि ती त्यांच्याच मालकीची झाली होती. त्यांवर परीक्षा नव्हती, प्रश्नोत्तरे नव्हती. पुस्तक हाती असणे आणि ते आवडीचे असणे, या दोन गोष्टींनीच पुष्कळ काम केले.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. अनेक वर्षे आम्ही सुटीचा अभ्यास म्हणून रोज एक पान शुद्धलेखन उतरवून काढण्यास सांगत असू. एका जूनमध्ये कोळीवाड्यातील एका मुलीने चाळीस पानांची वही आणून दिली. प्रत्येक अक्षर मोत्यासारखे. कोठे खाडाखोड नाही. आम्ही सर्व वर्गासमोर तिची प्रशंसा केली आणि तिला त्यांतील चार ओळी वाचून दाखविण्यास सांगितले. ती खाली मान घालून उभी राहिली. तिला एकही ओळ वाचता येईना. तिने चाळीस दिवस रांगोळी काढावी तशी अक्षरे काढली होती. त्यांतून अर्थ निघतो हे तिला कोणी दाखविलेच नव्हते. वर्गातील मुले हसली. दोष तिचा नव्हता, आमचा होता; आणि तिची शिक्षा मात्र तिला भोगावी लागली.

पुढल्या सुटीत आम्ही शुद्धलेखन बंद केले. त्या मुलीस आमच्या कपाटातील चार पातळ गोष्टीची पुस्तके दाखविली आणि तिने निवडलेले एक तिच्या हाती देऊन म्हटले, ‘‘हे रोज थोडे थोडे आजीला वाचून दाखव.’’ आजीला अक्षरओळख नव्हती. जूनमध्ये पुस्तक परत आले, तेव्हा त्याला सुक्या बांगड्याचा वास येत होता आणि दोन पानांवर हळदीची बोटे उठली होती. मुलीने अडखळत का होईना, पण सबंध गोष्ट वाचली आणि शेवटी आपण होऊन म्हणाली, ‘‘बाई, आजी म्हणता, कोलो असो गप रवाचो नाय.’’ आजीने गोष्टीचा शेवट बदलून सांगितला होता. तो पुस्तकातील शेवटापेक्षा चांगला होता, हे आम्हांस मान्य करावे लागले. त्या दिवशी वर्ग हसला, तो तिच्याबरोबर हसला.

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो, तेच पालकांपुढे ठेवतो. पहिली गोष्ट ही की, घरातील वडील माणसास वाचता येत नसेल तरी मुलाच्या वाचनास अडचण येत नाही. मुलास ऐकणारा हवा असतो. आजीने मान डोलावली, ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारले, म्हणजे तिने आपले काम केले. दुसरी गोष्ट भाषेची. आमची मुले घरी मालवणी बोलतात. घरचे ‘कित्याक’ पुस्तकात ‘कशासाठी’ होते, घरचे ‘हय’ आणि ‘थय’ तेथे ‘येथे’ आणि ‘तेथे’ होतात. म्हणून प्रमाण भाषेतील पुस्तक त्यांना अर्धे परके वाटते. अशा वेळी मुलाच्या बोलीस हसू नये. त्याने पुस्तकातून वाचावे आणि तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. आजीच्या गजाली आणि हुमाणी त्याने वहीत उतरवावी. असे केल्याने दोन्ही भाषा त्याच्या मालकीच्या होतात.

कुटुंबात मोठ्याने वाचण्याची रीत आपल्या भागास नवी नाही. श्रावणात पोथी लावणारी घरे येथे आहेत, तशीच सायंप्रार्थनेच्या वेळी शास्त्रपाठ वाचणारीही आहेत. जुन्या पिढीतील कित्येकांनी अशा वाचनातूनच भाषेचा कान कमावला. मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर आपल्या जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, पोंभुर्ले गावी जन्मले. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणाऱ्या या विद्वानाचे आरंभीचे शिक्षण घरीच वडिलांपाशी झाले होते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

आता कोणती पुस्तके द्यावी? एके काळी मराठी मुलांस स्वतःचे असे वाचावयास फारसे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनने १८७२ साली ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ निघाले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ सुरू केला. आज निवडीस भरपूर वाव आहे, आणि अभिमानाची गोष्ट अशी की त्यांतील उत्तम बालकवितेचा मोठा वाटा आपल्याच मातीतला आहे. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातील धालवल गावचे. २००३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरलेल्या या कवीने ‘राणीची बाग’, ‘एकदा काय झाले’, ‘परी ग परी’ अशी पुस्तके लहानग्यांसाठी लिहिली. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे; त्यांचे ‘सुट्टी एक्के सुट्टी’ तर नावावरूनच या दिवसांचे आहे. नुकतेच वाचू लागलेल्या मुलास कविता फार उपकारक ठरते. ओळी आखूड असतात, यमकामुळे पुढचा शब्द अंदाजाने ओळखता येतो, आणि तीच कविता दहा वेळा वाचली तरी कंटाळा येत नाही.

सर्व कुटुंबाने मिळून वाचावयाचे असेल तर साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ घ्यावे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागले आहे. आणि सहा आठवड्यांचे दिवसही बेचाळीसच भरतात. रात्री जेवणे आटोपल्यावर एक रात्र वाचावी; थोरल्या भावंडाने वाचावे, धाकट्यांनी ऐकावे. मात्र अखेरीस श्यामची आई जाते. तो भाग आला म्हणजे लहान मुलास जवळ घेऊन बसावे आणि त्याने काही विचारल्यास उत्तर द्यावे. पुस्तक घाईने मिटू नये.

पुस्तके आणावी कोठून, ही अडचण खरी आहे. पण कोकण वाचनालयांच्या बाबतीत दरिद्री नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाल्यापासून गावोगावच्या ग्रंथालयांस सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. आपल्या जवळच्या ग्रंथालयात मुलास स्वतः न्यावे, कपाटापुढे उभे करावे आणि निवड त्याची त्यालाच करू द्यावी. त्याने फार सोपे पुस्तक उचलले तरी चालेल. पाठ्यपुस्तक मंडळाच्या ‘किशोर’ मासिकाचे, नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंकही मोबाइलवर विनामूल्य वाचावयास मिळतात. मोबाइल मुलाच्या हाती सोपवून निघून जाण्यापेक्षा, शेजारी बसून त्यावर एक गोष्ट वाचावी, हे अधिक श्रेयस्कर. मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांसही आमची विनंती आहे की, मुंबईहून खाऊच्या पुड्यासोबत एखादे पुस्तकही आणावे.

वेळ कोठून काढावा, असे पुष्कळ पालक विचारतात. दिवसातील पंधरा मिनिटे पुरेत. पण ती रोजची असावी. दुपारी ऊन तापले असता सारे घर पडवीत विसावते, ती वेळ उत्तम. यांत्रिक होड्यांस १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते; तेव्हा बापही घरी असतो. जाळी विणता विणता मुलाचे वाचन ऐकणे त्यास सहज शक्य आहे. बापाने ऐकले, या गोष्टीचे मुलाला किती अप्रूप असते, ते आम्ही वर्गात वारंवार पाहिले आहे. शब्द चुकला तर लगेच टोकू नये. मूल बहुधा पुढच्या वाक्यात आपणच सुधारते. अडलाच तर शब्द सांगून टाकावा आणि गोष्ट पुढे चालू द्यावी.

शाळा पुन्हा भरेल, तेव्हा आम्ही किती पाने उतरविली हे विचारणार नाही. कोणते पुस्तक आवडले आणि ते कोणाला वाचून दाखविले, एवढेच विचारू. पुस्तकाला हळदीचे डाग पडले असतील तर रागावणार नाही. ते पुस्तक घरात राहून आले, एवढे त्यावरून आम्हांस कळेल.