मनाचे दुखणे आणि आपली बोली



कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आजचा माझा विषय त्याहून निराळा दिसेल. पण तो मला कामगारांच्या खोल्यांतच सापडला. माणसाला उदासीनतेचा आजार जडला, किंवा घरात नवराबायकोचे पटेनासे झाले, तर ज्याच्याशी आपल्या बोलीत बोलता येईल असा जाणता माणूस कसा शोधावा, हा तो विषय होय. मी डॉक्टर नाही, फारसा शाळा शिकलेलाही नाही. कामगारांना दवाखान्यात नेताना जे पाहिले आणि त्यानंतर पुस्तके मागून आणून जे समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

दुःख आणि आजार

प्रथम दुःख आणि आजार यांतील फरक सांगितला पाहिजे. पीक बुडाले, नोकरी गेली, घरात मृत्यू झाला, तर माणूस खचतो. हे दुःख स्वाभाविक आहे. त्याला औषध लागतेच असे नाही. पण मन खिन्न आहे, पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याही गोष्टीत गोडी राहिली नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, अंगात त्राण नाही, स्वतःविषयी तिरस्कार वाटतो, जगणे नकोसे होते, अशी लक्षणे दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज टिकली आणि कामधंदा अडू लागला, तर त्याला डॉक्टर आजार समजतात. नैराश्य हे त्याचे नाव. बोलण्यात आपण डिप्रेशन म्हणतो. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली. तीनुसार दर २० प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो. म्हणजे या मंडपातील दोन-चार रांगांत एखादा तरी असणारच. त्याने मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

एका शब्दाचे मोल

आता भाषेकडे येऊ. हाड मोडले तर त्याचे छायाचित्र निघते. ताप आला तर तापमापक आहे. नैराश्याचे निदान मात्र मुख्यतः रोग्याच्या बोलण्यावरून करावे लागते. डॉक्टरचे येथले हत्यार म्हणजे कान. आणि आपली माणसे बोलतात कसे? "मले करमत नाही." "जीव घाबरते." "चैन पडत नाही." "डोकं भणभणते." यांतील 'करमत नाही' या दोन शब्दांत कंटाळा आहे, एकटेपणा आहे आणि हुरहूरही आहे. त्यांचा इंग्रजीत तर्जुमा करून पाहा; काही तरी सांडल्याशिवाय राहणार नाही. 'जीव घाबरते' याचा अर्थ अनोळखी डॉक्टर भीती असा घेईल, किंवा हृदयरोग समजून छातीचा आलेख काढील.

एका कामगाराचे उदाहरण सांगतो. हा उत्तम कारागीर एकाएकी खाडे करू लागला. कंपनीने त्याला आरोपपत्र दिले आणि ते घेऊन तो आमच्या कचेरीत आला. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, असे तो सांगे. एका दवाखान्यात त्याला हिंदीतून विचारण्यात आले, "उदासी रहती है क्या?" तो म्हणाला, "नहीं." आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन तो परत आला. दुसऱ्या ठिकाणी या मुलखातल्याच एका परिचारिकेने सहज विचारले, "काहून गा भाऊ, करमत नाही काय तुले?" त्यासरशी तो लहान मुलासारखा रडू लागला आणि अर्धा तास बोलत राहिला. आजार तोच आणि माणूसही तोच. कुलपाला किल्ली तेवढी योग्य मिळाली. पुढे उपचार झाले आणि औषधाची चिठ्ठी जोडून आम्ही त्याच्या आरोपपत्राला उत्तर दिले. संघटनेचे काम म्हणतात ते हेही आहे.

जगात हीच अडचण

ही अडचण आपल्यापुरती नाही. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात करार होऊन तुर्की कामगारांची भरती सुरू झाली. ती १९७३ पर्यंत चालली. इस्तंबूलच्या भरती कचेरीत त्यांचे दात, छाती, हातपाय सारे तपासून घेत. पुढे कारखान्यांत आणि वसाहतींत ही माणसे मनाने थकली, तेव्हा मात्र त्यांची भाषा जाणणारा डॉक्टर सहसा मिळेना. तुर्की भाषेत अतीव दुःखाला 'जिगर जळते' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. आपण 'काळीज तुटते' म्हणतो, तसाच तो. त्याचे शब्दशः भाषांतर झाले तर डॉक्टर यकृत तपासणार, आणि यकृतात काही निघणार नाही! 'सगळे अंग दुखते' म्हणणाऱ्या या रोग्यांना काही डॉक्टरांनी 'बॉस्फरसचा रोग' असे कुचेष्टेचे नावही ठेवले होते. म्हणून तेथील तुर्की कुटुंबे तुर्की बोलणारा मनोपचारक शोधत असतात. परदेशी गेलेली आपली मराठी मुलेही हेच करतात. सातासमुद्रापलीकडून ती पुण्या-मुंबईच्या समुपदेशकांशी दूरध्वनीवर बोलतात.

एवढ्या लांब तरी कशाला जावे? देवळीच्या औद्योगिक वसाहतीत भोजपुरी किंवा ओडिया बोलणारा मजूर आपल्या शेजारीच राहतो. वर्धा-यवतमाळकडच्या कोलाम बांधवांची कोलामी ही तर मराठीहून वेगळ्या, द्राविड कुळातली भाषा. जर्मनीत तुर्की माणसाची जी गत, ती आपल्या जिल्ह्यात यांची आहे. आपल्या बोलीचा हक्क मागताना त्यांचाही हक्क विसरू नये.

यावर उपाय निघाले आहेत आणि ते गरीब देशांनी काढले आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. झिंबाब्वे देशात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ साली दवाखान्याच्या आवारात बाक मांडले आणि त्यांवर शिकवून तयार केलेल्या आज्या बसविल्या. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणजे फार विचार करीत राहणे. आज्या तोच शब्द वापरीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकाचा गुण सिद्ध झाला. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षित माणसांकडून सहा ते आठ बैठकांचा उपचार करविला. त्याचाही गुण २०१७ साली प्रसिद्ध झाला. आणि आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांच्या शब्दांत या आजाराविषयी बोलावयास आरंभ केला. तोपर्यंत दर १०० रोग्यांपैकी जेमतेम चार जण मदत मागत. नंतर ती संख्या २७ वर गेली. पंतप्रधानांनी २००६ साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा होता. कर्जाचा प्रश्न अर्थकारणाचा आहे. तो समुपदेशनाने सुटणार नाही. पण कर्ज फिटेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे.

मग जावे कोठे?

सर्वांत जवळचा दरवाजा म्हणजे दूरध्वनी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. रात्रंदिवस, विनामूल्य, आणि मराठीसह २० भाषांत. लाजाळू माणसाला हे फार सोयीचे, कारण चेहरा दाखवावा लागत नाही. जीव देण्याचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका. फोन करा, आणि तशा माणसाला क्षणभरही एकटे सोडू नका.

दुसरा दरवाजा रुग्णालयाचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. जिल्हा सामान्य रुग्णालयात त्याची चौकशी करावी. सेवाग्रामला १९६९ साली स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालय, या दोन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहेत. दोन-दोन वैद्यकीय महाविद्यालये हाताशी असणे, हे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांना लाभले आहे.

तेथे कोण काय करतो, हे जाणून असावे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. बोलण्यातून, सवयी बदलण्यातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेत असते. ती विचारावयास संकोच नको. समुपदेशक ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. तेव्हा शिक्षण काय, अनुभव किती, फी किती, बैठका साधारण किती, माझे बोलणे बाहेर जाणार नाही ना, आणि मी माझ्या बोलीत बोललो तर चालेल ना, असे सहा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावे. चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. तीन भेटींत बरे करून देण्याची हमी देणारा, दुसऱ्या रोग्यांच्या गोष्टी नावानिशी सांगणारा आणि औषध एकदम बंद करा म्हणणारा, या तिघांपासून दूर राहावे. या औषधांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून गोळ्या फेकून देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुभाष्या न्यावाच लागला तर आपले मूल किंवा सासरचे माणूस नेऊ नये. नवऱ्याच्या देखत बायको मोकळी बोलेल काय? मुलापुढे बाप रडेल काय? रुग्णालयातील समाजसेवक किंवा परिचारिका अधिक बरी. तेही नसेल तर ती भाषा बोलणारा लांबच्या शहरातला उपचारक दूरध्वनीवर गाठावा. २०२० च्या मार्गदर्शक नियमांनी डॉक्टरांना दुरून सल्ला देण्यास स्पष्ट मुभा दिली आहे.

येथे एक उलटी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या बोलीचा माणूस बहुधा आपल्या ओळखीपाळखीतला निघतो. लहान गावात जात, नाते, गल्ली सारे ठाऊक असते आणि बोलणे फुटेल अशी धास्ती वाटते. ती खोटी नाही. अशा वेळी मराठी बोलणारा पण परगावचा उपचारक पाहावा. बोली जवळची आणि घर लांबचे, हा मेळ उत्तम.

घरातील भांडण

नवराबायकोच्या बेबनावात भाषेचे काम आणखी नाजूक. उपचारक दोघांचीही भाषा जाणणारा हवा, नाही तर ज्याची भाषा चालते त्याची बाजू वरचढ ठरते. तो न्यायाधीश नव्हे. कोणाचे चुकले हे ठरविण्यापेक्षा दोघांनी एकमेकांचे ऐकावे कसे, हे तो शिकवतो. पुष्कळदा भांडणाच्या मुळाशी एकाचे नैराश्य असते: चिडचिड दिसते, आजार दिसत नाही. दारूचेही तसेच. आपला जिल्हा दारूबंदीचा असूनही दारू येते कोठून, हे सर्वांना ठाऊक आहे. उदास माणूस ती औषध म्हणून घेतो आणि अधिक उदास होतो. परंतु घरात मारहाण असेल तर 'जरा सोसून घे' असा सल्ला देणारा उपचारक सोडून द्यावा. तेथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आधी, समेट नंतर.

हक्क म्हणून मागा

शेवटी हक्काविषयी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला. रोग्याची माहिती गुप्त राहिली पाहिजे, आरोग्य विम्यात मनाचा आजार शरीराच्या आजाराबरोबरीने धरला पाहिजे, हेही त्यात आहे. आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, उपचाराला संमती घेताना रोग्याला समजेल अशा भाषेत आणि रीतीने माहिती द्यावी, असे कायदा सांगतो. तेव्हा "मले समजलं नाही, मराठीत सांगा" असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. तो कायदा आहे.

आमच्या संघटनांनीही आपले पाहिले पाहिजे. सतत गैरहजर राहणाऱ्याला कामचुकार म्हणण्याआधी त्याच्या खोलीवर जाऊन यावे. कारखान्याच्या फलकावर सुट्यांच्या यादीशेजारी १४४१६ हा आकडा लिहावा, मराठीत, हिंदीत आणि जमल्यास ओडियातही. याला मालकाची परवानगी लागत नाही आणि खडूपलीकडे खर्चही नाही.

आपल्या ओळखीत गेले काही आठवडे जो गप्प गप्प आहे, असे एखादे नाव ऐकता ऐकता आपल्या मनात आलेच असेल. आज घरी जाताना त्याच्या दारावरून जावे आणि त्याच्याच बोलीत त्याची चौकशी करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.