पाळी गेली, आता तपासणी कशाला?

साताऱ्यात काय, सांगलीत काय, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषय काढला की साठीच्या बायका म्हणतात, ‘आमची पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, आता काय व्हायचंय?’ आज आपण याच प्रश्नाकडे नीट पाहू.

हा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. लागण बहुधा तरुणपणी होते, बहुतेकींची आपोआप जाते. काहींच्यात मात्र ती टिकते, आणि त्यातून कॅन्सर व्हायला 15-20 वर्षंही लागतात. म्हणजे पाळी थांबली तरी धोका थांबत नाही.

मग सरसकट सगळ्यांनी तपासायचं का? तर नाही. पूर्वी वेळोवेळी तपासण्या झाल्या आणि सगळ्या निर्दोष आल्या, तर 65 नंतर थांबता येतं. पण आपल्याकडे अडचण वेगळी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभरातल्या दोघींचीही तपासणी झालेली नव्हती. जिची कधीच झाली नाही, तिनं वयाकडे बोट दाखवून सुटका करून घेऊ नये. तब्येत बरी असेल, पुढचे उपचार झेपणार असतील, तर डॉक्टरांशी बोलून एकदा तपासणी करून घ्यावी.

कुठली तपासणी, हेही महत्त्वाचं. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांचं मुख ॲसेटिक ॲसिड लावून पाहतात. पाळी गेल्यावर जो भाग बघायचा तो आत सरकतो, डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी एचपीव्हीची चाचणी जास्त भरवशाची. तिचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे संकोच कमी होतो. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून सव्वा लाखावर बायकांवर मोठा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात 64.

‘पिशवी काढलीय’ म्हणणाऱ्यांनी जुने कागद दाखवावेत. मुखासकट काढली असेल आणि कारण कॅन्सरचं किंवा त्याआधीच्या बदलांचं नसेल, तर तपासणीची गरज नाही. मुख ठेवलं असेल तर आहे.

शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवू. पाळी गेल्यावर अंगावरून थेंबभर जरी लाल गेलं, तरी वय किती, आधी तपासलं होतं का, हे बघत बसायचं नाही. सातारा-सांगलीचं सिव्हिल असो की मिरजेचं सरकारी रुग्णालय, त्याच आठवड्यात स्त्रीरोग विभाग गाठायचा.