विजेच्या तारेखालची गावे

१८८८ साली अमेरिकेतील रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने डोक्यावरील तारेतून वीज घेऊन धावणाऱ्या ट्रामगाड्या यशस्वी करून दाखविल्या, आणि पुढील दोन-तीन दशकांत ओहायो, इंडियाना आदी प्रांतांतील लहानसहान गावे विजेच्या गाड्यांनी एकमेकांस जोडली गेली. परंतु मोटारींचा प्रसार होताच त्यांतील बहुतेक मार्ग बंद पडले. मुंबईतही ७ मे १९०७ रोजी सुरू झालेली विजेची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण यांना मात्र त्याच विद्येचा जो लाभ झाला, तो आजतागायत टिकून आहे.

गाडीच्या अनेक डब्यांखाली मोटारी बसवाव्यात आणि त्या सर्वांचे नियंत्रण अग्रभागी बसलेल्या एकाच चालकाने करावे, ही योजना स्प्रेगनेच १८९७ साली शिकागोच्या रेल्वेसाठी सिद्ध केली. आपली लोकल याच तत्त्वावर चालते. तिला निराळे इंजिन लागत नाही, अखेरच्या स्थानकावर तिला फिरवावे लागत नाही, आणि ती त्वरित वेग घेत असल्यामुळे थोड्याथोड्या अंतरावर थांबणे तिला परवडते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) रेल्वेने व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विद्युत्‌गाडी १५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर चालविली. त्याच दशकात तारा कल्याणपर्यंत गेल्या, आणि ज्या बोरघाटाच्या व थळघाटाच्या चढणीवर वाफेच्या इंजिनांची दमछाक होई, ते दोन्ही घाट ओलांडून १९२९-३० मध्ये पुणे व इगतपुरी येथे पोहोचल्या. या कार्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीस कोळशावर चालणारे वीजगृह उभारले, तेच लोकांच्या तोंडी असलेले चोळा पॉवर हाऊस.

ठाणे हे जिल्ह्याच्या कचेरीचे गाव, कल्याण हे जुने बंदर, तर डोंबिवली हे शेताभातांतले खेडे. असे असता मुंबईच्या पेढ्यांत आणि सरकारी दप्तरांत राबणाऱ्या कारकुनास तेथे बिऱ्हाड करून रोज कामावर जाणे शक्य झाले, ते मासिक पासामुळे आणि या गाडीमुळे. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली, तिच्या वस्तीचा पाया रुळांलगत घातला गेला होता. जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावर २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर पूर्ण झाले, तेव्हा त्या मार्गावरील जुनी एकदिश पद्धती इतिहासजमा झाली.

अमेरिकेतील मार्ग केवळ त्या गावांपुरते असल्यामुळे उतारू घटताच निराधार झाले. आपल्या गावांची गाडी देशाच्या मुख्य लोहमार्गावरच धावत असल्यामुळे तिला घाटापलीकडील व्यापाराचा आधार लाभला. याचेच दुसरे अंग असे की, लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या यांना रूळ वाटून घ्यावे लागतात, आणि दारात लोंबकळणारे उतारू त्याची किंमत कधी प्राणांनिशी मोजतात. म्हणून या गावांच्या वाढत्या वस्तीस परवानगी देणाऱ्यांनी प्रथम रुळांची क्षमता पाहावी. ज्या मार्गाने ही नगरे निर्माण केली, त्याला त्यांचा भार सोसण्याचे बळ देणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.